बोक्यावर उगारलेली केरसुणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या बोक्याने अंथरुणावर लघवी केली. एकदा नव्हे, तीनदा. खोली दहा बाय बाराची, माणसे पाच. बोका माजला असे समजून आम्ही केरसुणी उगारली.

चौथ्या दिवशी तो सारखा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसे, कुंथे, ओरडे. वाळू मात्र कोरडीच. आम्हाला वाटले, पोट साफ होत नसेल. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेले तेव्हा कळले, लघवी तुंबली आहे. बोक्याचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद. बारीक खडे अडकून तो बंद झाला, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घालून लघवी मोकळी केली, म्हणून आमचा वाचला.

मांजर सूड उगवायला घाण करीत नाही, हे आम्हाला या वयात कळले! बहुतेकदा ते आजारी असते, नाहीतर घमेले घाण असते. घमेले रोज साफ करावे, जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवावे. फिनेल वापरू नये, ते मांजराला विषारी. आपली पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नये. एकीनेही मांजर दगावू शकते. पाणी भरपूर ठेवावे, खाणे ओलसर द्यावे.

बाकी, गादी ओरबाडत असेल तर फळीला गोणपाट गुंडाळून द्या. रात्री उठवत असेल तर झोपण्यापूर्वी दोरीशी खेळवून मग खायला घाला.

आमचा बोका आता ठणठणीत आहे. केरसुणी दिसली की मात्र अजून कॉटखाली जातो.