मायने समुद्र पाहिला

आम्ही धारणीचे. सिपना आणि तापी या आमच्या नद्या. समुद्र पाहिला तो मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात. माय सत्तरीला टेकली, पण तिने कधी समुद्र पाहिला नव्हता. सोयाबीन विकून झालं, हरभऱ्याला पाणी दिलं आणि डिसेंबरात चार दिवस मोकळे मिळाले. म्हटलं, "माय, चल."

"बोटीत मी नाई बसत," ती म्हणाली. "रामदास बोट बुडाली होती म्हन्तात."

तिची भीती खोटी नव्हती. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. पण तो भर पावसाळा होता. लांब पल्ल्याच्या कोकण बोटीसुद्धा पावसाळ्यात बंद राहत. हिवाळ्यात समुद्र शांत असतो, हे समजावलं तेव्हा कुठे ती तयार झाली.

परतवाडा, अमरावती करत बडनेऱ्याला रात्रीची गाडी धरली. मुंबईत डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरलं की भाऊचा धक्का जवळच आहे. तिथून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते. ही सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली. खाली मोटारी, वर माणसं, आणि प्रवास सुमारे तासाभराचा. माय आधी कठडा घट्ट धरून उभी होती. मग हळूच म्हणाली, "बाप्पा! एवढं पाणी, अन् ओलिताले एक थेंब कामाचा नाई!"

मांडव्याहून अलिबाग आणि पुढे एस.टी.ने चौल-रेवदंडा गाठलं. आज इथे नारळ-सुपारीच्या वाड्या दिसतात, पण एके काळी हे मोठं नामांकित बंदर होतं. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या ग्रंथात त्याचं नाव सिमिला असं आलं आहे. 1469 च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथेच उतरला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी किल्ला बांधला आणि 1740 मध्ये तो मराठ्यांच्या ताब्यात आला. तटाच्या भिंती अजून उभ्या आहेत. आत माणसं सुपारी वेचत होती.

"एवढे लोक येत होते, तं गेले कुठं?" मायने विचारलं.

कुंडलिका नदीच्या मुखाशी हे बंदर. खाडीत गाळ साचत गेला, तिकडे मुंबई वाढली, आणि चौल मागे पडलं. गाळ म्हणजे तरी काय? वरून वाहून आलेली माती.

संध्याकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मायने ओंजळीत पाणी घेतलं. "आपल्या सिपन्याचं पानी इथं येते का रे?"

मी म्हटलं, "सिपना तापीले मिळते, अन् तापी सुरतेकडं याच समुद्राले."

माय बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग आपल्या वावराची मातीही येत असन."

उत्तर मला सुचलं नाही. आमच्या उताराच्या वावराचा खालचा बांध तीन पावसाळे फुटलेला होता. दरवर्षी "पुढच्या साली पाहू" म्हणायचो.

घरी आल्यावर हरभरा निघाला आणि उन्हाळ्यात पहिलं काम बांधाचं केलं. माय स्वतः मेरेवर येऊन बसली. शेजारच्या बायांना ती सांगत होती, "समुद्र मोठा हाय बाप्पा. पन त्याले आपली माती कायले द्यायची?"