एका नदीची ओल दुसऱ्या नदीला

हातजाळें पाण्यांतून काढलें, झटकलें आणि गाडींत टाकलें; दुसऱ्या दिवशीं शेजारच्या खोऱ्यांतील नदींत तेंच पुनः बुडविलें. गळानें मासे धरण्याचा छंद असलेल्या गृहस्थाला यांत कांहीं वावगें वाटणार नाहीं. नॉर्वेंत मात्र हें कृत्य कायद्याविरुद्ध आहे.

त्याचें कारण जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस नांवाचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा कृमि. सॅमन माशाच्या कातडीला व परांना तो आंकड्यांनीं चिकटून राहतो. तो अंडीं घालीत नाहीं. त्याचें पिलूं जन्मतें तेव्हां त्याच्या पोटांत पुढचें पिलूं वाढूं लागलेलेंच असतें! बाल्टिक समुद्राकडील सॅमन हा उपद्रव बहुधा सोसतो. नॉर्वेच्या अटलांटिक किनाऱ्याकडील सॅमनचीं पिलें मात्र त्यापुढें टिकत नाहींत. स्वीडनहून आणलेल्या जिवंत माशांबरोबर हा पाहुणा नॉर्वेंत शिरला, १९७५ सालीं प्रथम दृष्टीस पडला आणि पुढें सुमारें पन्नास नद्यांत पसरला.

यावर तेथें मुख्यतः योजलेला उपाय म्हणजे नदींत रोटेनोन हें विष सोडणें. कृमि मारण्यासाठीं त्याचा यजमानच मारावयाचा. नदींतील मासे सरसकट नष्ट करावयाचे, आणि त्याच नदीच्या वंशाचीं, अन्यत्र जतन केलेलीं पिलें मागाहून सोडावयाचीं. रोगापेक्षां इलाज भयंकर म्हणतात, तो हा.

सगळा दोष गळवाल्यांच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. हा रोग पसरला तो प्रामुख्यानें संवर्धनकेंद्रांतून नद्यांत सोडलेल्या माशांमुळें. पण तो कारभार सरकारचा. ओलें जाळें ज्याचें त्याच्या हातीं.

कृमीला ओल हवी. माशावांचूनहि दमट जागीं तो कांहीं दिवस तग धरतो. कोरडेपणा त्याला मुळींच सोसत नाहीं. म्हणून साहित्य पूर्ण वाळवावें, किंवा जंतुनाशकांत बुडवावें. नॉर्वेंत पुष्कळ नद्यांच्या कांठीं तशी सोय आहे. ब्रिटनमध्यें हा कृमि आढळलेला नाहीं. तेथें २०११ पासून 'तपासा, धुवा, वाळवा' अशी मोहीम चालू आहे.

फसगत होते ती वाळविण्यांतच. जाळ्याच्या गांठी, पिशवीची शिवण, बुटाच्या आंतलें अस्तर येथें ओल दडून बसते. नमद्याच्या तळव्यांचे बूट तर वरून कोरडे लागले तरी आंतून ओलेच राहतात. एका नदीसाठीं घेतलेले असे बूट दुसऱ्या नदीवर नेऊंच नयेत.