हिऱ्याची सुई काय सांगते आणि काय सांगत नाही

आम्ही कापडाचे व्यापारी. माल अस्सल की नक्कल हे पाहायचे तर दोन धागे काढून काडी लावायची. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला जळक्या केसांचा, आणि पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हिऱ्याला अशी काडी लावता येत नाही; तरी सराफ लोक त्याची परीक्षा उष्णतेनेच करतात.

हे आम्हाला मुलीच्या लग्नाची अंगठी घेताना कळले. दुकानदाराने पेनासारखे यंत्र काढले, त्याची सुई खड्याला टेकवली. दिवे लागले, आवाज झाला. ‘‘घ्या शेठ, अस्सल हिरा!’’ आम्ही पैसे मोजले. पुढे दुसऱ्या सराफाने भिंगातून पाहिले तेव्हा तो खडा मॉयसनाइट निघाला. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याची मर्यादा आम्हाला ठाऊक नव्हती.

हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. त्याचे अणू हलके आणि चहूबाजूंनी एकमेकांना घट्ट बांधलेले. मागावरचा ताणा कसून ताणलेला असला की एका टोकाला टिचकी मारताच दुसरे टोक थरथरते, तसेच येथे होते. एका बाजूला ऊब मिळाली की अणूंची थरथर झटकन पलीकडे पोचते. म्हणून हिरा तांब्याच्याही सुमारे 5 पट चांगला उष्णतावाहक आहे. काच आणि बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकला जाणारा झिरकोनिया यांची ही ताकद हिऱ्यापेक्षा शेकडो पटींनी कमी. हिरा ओठाला थंड लागतो तो याचमुळे. तो ओठाची ऊब ओढून घेतो. त्यावर फुंकर घातली तर वाफ लगेच उडते, काचेवर ती रेंगाळते.

यंत्र हेच मोजते. सुईचे तांब्याचे टोक आतून तापवलेले असते. ते खड्याला टेकल्यावर किती निवते, हे यंत्र पाहते. झपाट्याने निवले तर हिरा, नाही तर नक्कल. 1970 नंतरच्या दशकात झिरकोनिया बाजारात आला, त्याला पकडायला ही सुई फार उपयोगी पडली.

पण 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस दागिन्यांत मॉयसनाइट आला. तो सिलिकॉन आणि कार्बन यांचा बनलेला; उष्णता तोही उत्तम वाहतो. साधी सुई त्यालाही हिरा म्हणते. त्याला ओळखायला भिंगातून तिरके पाहावे. मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. विजेचा प्रवाह तपासणारी यंत्रेही मिळतात, कारण बहुतेक मॉयसनाइटमधून थोडी वीज जाते, पांढऱ्या हिऱ्यातून जात नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याची गोष्ट वेगळी. तो नक्कल नाही, तोही खराच कार्बनचा हिरा. सुई त्याला हिरा म्हणते ते बरोबरच आहे. मात्र तो खाणीतला आहे की कारखान्यातला, हे सुई सांगू शकत नाही. भावात तर मोठी तफावत असते. तेथे मोठ्या यंत्रांची तपासणी आणि नामांकित प्रयोगशाळेचे प्रमाणपत्रच कामास येते.

सुई वापरणाऱ्या कारागीर बंधूंनी एवढे सांभाळावे. खडा स्वच्छ आणि कोरडा असावा. झाळणीनंतर किंवा बोटातून काढल्यावर लगेच तपासू नये, निवू द्यावा. सुई सरळ उभी टेकवावी. ती कोंदणाच्या सोन्याचांदीला लागली तर यंत्र फसते. लहान खडा लवकर तापतो. दोन तपासण्यांच्या मध्ये थोडे थांबावे.

आणि गिऱ्हाइकांनी आमच्यासारखे केवळ आवाजावर विसंबू नये. पावतीवर ‘हिरा’ एवढेच लिहून घेऊ नका. नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, वजन किती, प्रमाणपत्राचा क्रमांक काय, हे सारे लिहून घ्या. ठाणावर ‘शुद्ध रेशीम’ असा शिक्का मारून भेसळीचा माल विकणाऱ्याला आपल्या बाजारात कोणी दारात उभे करीत नाही. आमच्या पावतीवर ‘हिरा’ असे साफ लिहिलेले होते, म्हणून त्या दुकानदाराला अंगठी परत घ्यावी लागली. सुईच्या आवाजाचा दाखला घेऊन गेलो असतो तर हात हलवीत परतलो असतो.