आजारी मांजर आणि घरातला औषधांचा डबा

रावेर तालुक्यात जनावरांचा डॉक्टर म्हटले की डोळ्यांपुढे गाय, म्हैस, बैलजोडी, फार तर शेळी येते. केळीच्या बागेत, पॅकिंगच्या शेडमध्ये किंवा रेल्वे स्टेशनच्या आडोशाला राहणारे, कोणाच्याच मालकीचे नसलेले मांजर आजारी पडले तर डॉक्टर शोधायला सहसा कोणी निघत नाही. ज्याला दया येते तो घरातला औषधांचा डबा उघडतो, नाहीतर गोठ्यातली बाटली आणतो. हेतूत खोट नसते. खोट असते ती पुढील समजुतींत.

मांजराचे अंग तापले आहे, पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊन टाकावी.

हात लावला तर मांजर गरम लागतेच. त्याचे निरोगी तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असते. माणसाच्या मापाने मोजले तर धडधाकट मांजरही तापाने फणफणलेले ठरेल. दुसरी चूक मात्रेची. लहान मुलाला कमी मात्रा चालते, मग मांजराला आणखी कमी का चालू नये, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. पण मूल हे माणसाचेच असते. माणसाचे यकृत ज्या मुख्य वाटेने पॅरासिटामॉलचा निचरा करते, ती मांजरात जवळपास बंद आहे. त्यासाठी लागणारे विकर बनवणारा जनुकच मांजरकुळात निकामी झालेला आहे. निचरा न झालेल्या औषधाचा घाला तांबड्या पेशींवर पडतो आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. काही तासांत गुलाबी हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास जड होतो. किलोमागे १० मिलिग्रॅमवरही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. ५०० च्या गोळीचा पाव तुकडा १२५ मिलिग्रॅमचा. तीन किलोच्या मांजरात तो किलोमागे चाळीसच्या वर जातो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही त्याच डब्यात असतात आणि मांजराला तितकीच घातक ठरतात.

गोचीड मारायचे औषध गुरांना चालते, तर मांजराला थोडे पातळ करून लावायला हरकत नाही.

ही समजूत ज्या घरात गोठा आहे तिथे हमखास भेटते, आणि ती अनुभवातून आलेली असते: तेच औषध म्हशीला लावले, कुत्र्याला लावले, काही झाले नाही. पण गुरांच्या गोचीडनाशकांत बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असते, कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन. या कुळातली रसायने पचवणे मांजराला फार जड जाते. त्यात मांजर दिवसभर अंग चाटते, त्यामुळे कातडीवर लावलेले औषध पोटातही जाते. आधी कान आणि कातडी फडफडते, मग अंग थरथरते, नंतर झटके येतात. कानावर आणि तोंडावर पिवळट खपल्या धरलेली खरूज पाहून माणसांचे खरजेचे मलम लावण्याचा मोहही असाच. त्या मलमांत परमेथ्रिन असते, नाहीतर बेंझिल बेंझोएट. मांजराला दोन्ही वर्ज्य. लावून झालेच असेल तर भांडी घासायच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने अंग धुवावे, पुसून कोरडे करावे आणि डॉक्टरला फोन करावा. खरजेवर पशुवैद्यकाकडे नेमके औषध असते. वजनानुसार दिले तर मांजर काही आठवड्यांत ओळखू येत नाही इतके सुधारते.

मांजर स्वतःच चाटून जखम बरी करते.

चाटल्याने वरची घाण निघते हे खरे, आणि समजूत टिकून आहे ती त्यामुळेच. पण मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू राहतात. बोक्यांच्या मारामारीत सुळा खोल रुततो, वरचे छिद्र दोन दिवसांत मिटते आणि आत पू साठतो. चाटून तो निघत नाही. मिठाच्या पाण्याने जखम धुणे कोणालाही जमण्यासारखे आहे: अर्धा लिटर पाणी उकळून गार करावे आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालावे. अळ्या पडल्या असतील तर चिमट्याने एकेक काढाव्यात. गुरांच्या जखमेत ओततात तसे टर्पेंटाइन किंवा फिनाइल, अथवा डांबरगोळीची पूड इथे वापरू नये. अळ्या मरतील, पण तेच विष मांजर चाटून पोटात घेईल.

अशक्त मांजराला वाटीभर दूध पाजले की ताकद येते.

मांजर दूध आवडीने पिते, म्हणून ते त्याला सोसते असे नव्हे. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात आणि अंगातले उरलेसुरले पाणीही जाते. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, म्हणून खाणे सुरू होणे महत्त्वाचे. त्यासाठी वासाचे, कोमट अन्न द्यावे: उकडलेले मासे किंवा कोंबडीचे मांस, मीठ-मसाला न घातलेले. जबडा उघडून पातळ पदार्थ ओतला तर तो फुप्फुसात जाऊ शकतो.

ऊन लागले तर कांद्याचा रस चोळावा.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा खानदेशात खिशात कांदा ठेवून बाहेर पडणारे आजही आहेत. माणसाने तो ठेवावा किंवा न ठेवावा. मांजराच्या अंगावर चोळलेला रस मात्र मांजर चाटणार, आणि कच्चा असो की शिजवलेला, कांदा मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. लसूणही तेच करतो. तोंड उघडे टाकून धापा टाकणे हे कुत्र्यात रोजचे असले तरी मांजरात धोक्याचे लक्षण आहे. सावलीत न्यावे, साध्या पाण्याने पोट, पंजे आणि कान ओले करावेत, पंख्याचा वारा द्यावा. बर्फ लावू नये.

गल्लीतली पिल्ले एकामागून एक मेली, म्हणजे कोणीतरी विष घातले.

ही अफवा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर लावून जाते. ती पटते, कारण दृश्य विषबाधेसारखेच असते: काल खेळणारे पिल्लू आज ओकते आणि उद्या मरते. पुष्कळदा कारण असते पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य रोग. लस न मिळालेल्या पिल्लांत तो झपाट्याने पसरतो आणि मृत्यू काही दिवसांच्या अंतराने होत राहतात. एकाच रात्री तीन-चार जनावरे लाळ गाळत, थरथरत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होऊन पडली तर मात्र कीटकनाशकाचा संशय रास्त आहे. तेव्हा मीठपाणी पाजून ओकवू नये, कारण जास्तीचे मीठ स्वतःच विष ठरते. तूपही पाजू नये. औषधाचे पाकीट सापडले तर ते घेऊन डॉक्टर गाठावा.

केळीवरचा हरण्या रोग ज्यांनी पाहिला आहे त्यांना विषाणूची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. हरण्यावर औषध नाही, म्हणून झाड उपटून नष्ट करतात. पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूलाही थेट मारणारे औषध नाही, पण पिल्लाचे शरीर त्याच्याशी लढू शकते. पाणी आणि ऊब टिकून राहिली तर काही पिल्ले तरतात. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली याच कामाची. सलाइन मिळाले तर आशा वाढते. आजारी पिल्लू वेगळे ठेवावे. विषाणू जागेत वर्षभर तग धरतो आणि फिनाइलला दाद देत नाही. फरशी आधी साबणाने धुवावी, मग एक भाग ब्लीच ३२ भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे ओली ठेवावी. माणसाला हा रोग होत नाही.

रेबीज कुत्र्याचा असतो, मांजराच्या ओरखड्याला कोण विचारतो?

आपल्याकडे रेबीजचे बहुतेक बळी कुत्र्यांच्या चाव्याचे असतात, म्हणून मांजर नजरेआड राहते. पण रेबीज झालेले मांजर चावले तर मरण तेच. एरवी गरीब असलेले मांजर अचानक अंगावर येऊ लागले, किंवा त्याला गिळता येईना आणि लाळ गळू लागली, तर हात लावू नये. एरवीही आजारी मांजर जाड टॉवेल टाकूनच उचलावे. दात किंवा नख लागलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. लस तिथे मोफत मिळते. पोटातली चौदा इंजेक्शने देणारी जुनी लस दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता सुया दंडात टोचतात आणि त्या चार-पाच खेपांत संपतात.

तालुक्याचा दवाखाना गुरांचा, तिथे मांजर कोण पाहणार?

दवाखान्याचा मुख्य भर दुभत्या जनावरांवर आहे आणि मांजराची सगळी औषधे तिथे असतील असेही नाही. पण सलाइन, प्रतिजैविके, कीटकनाशकाच्या विषबाधेवरचे अ‍ॅट्रोपिन ही गुरांनाही लागणारीच औषधे आहेत, आणि मांजराच्या वजनाला किती द्यायचे हे पशुवैद्यकाच्या शिक्षणात येते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. पथक आले नाही तरी काय देऊ नये एवढे विचारता येते. मांजर न्यायला पिंजरा नसला तर निर्यातीच्या केळीचे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. त्याला हवेची भोके आधीच पाडलेली असतात.