प्रिंटर अडला आणि संगणकही रुसला

आमच्या लष्करातल्या घरी पणजोबांच्या वेळची मोडी पत्रे आहेत. ती वाचू शकणारी घरात एकच व्यक्ती उरली आहे, ती म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांची आत्याआजी. मूळ कागद हात लावताच तुटतो आणि मोबाइलवरचे तिला दिसत नाही. म्हणून मी चोवीस पाने स्कॅन केली आणि मोठ्या आकारात छापायला घेतली.

दुसऱ्याच पानावर प्रिंटर थांबला. मी पुन्हा प्रिंट दाबले, मग आणखी दोनदा. तेवढ्यात लाईट गेली. लाईट आल्यावर संगणक सुरू केला, तर साधी फाइल उघडायलाही पाच मिनिटे लागू लागली. "तुझ्या यंत्राचं आटपलं की हाक मार," म्हणून आत्याआजी आत गेली.

आपण प्रिंट दाबतो तेव्हा मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही. विंडोजमधला 'प्रिंट स्पूलर' तो आधी डिस्कवर साठवतो आणि एकेक काम पुढे पाठवतो. पहिली पंगत उठली नाही की दुसरी खोळंबते, तसेच इथे होते. ही कामे डिस्कवर असल्यामुळे संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी ती तिथेच असतात. पुन्हा पुन्हा प्रिंट दाबून मी रांग वाढवतच होतो.

शिवाय माझी पाने जड होती. ए-४ आकाराचे एक रंगीत पान ६०० डीपीआयने स्कॅन केले, तर पूर्ण उलगडल्यावर ते सुमारे १०० एमबी होते. फाइल लहान दिसते, कारण ती दाबून साठवलेली असते. ३०० डीपीआयला हाच आकार चौथाईवर, म्हणजे सुमारे २६ एमबीवर येतो. वाचण्यासाठी तेवढे बहुधा पुरते. जपून ठेवायची प्रत ६०० ची, छापायची ३०० ची असू द्या.

अडकलेली रांग अशी मोकळी करा:

१. प्रिंटर बंद करा. रांगेची खिडकी उघडून सगळी कामे रद्द करा.

२. तरीही ती हटत नसतील, तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. यादीतला 'प्रिंट स्पूलर' निवडून 'स्टॉप' करा.

३. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या क्रमाने जा. आतल्या फाइली काढा, फोल्डर मात्र राहू द्या.

४. स्पूलर पुन्हा 'स्टार्ट' करा, प्रिंटर चालू करा आणि आधी एकच पान छापून बघा.

एवढे करूनही वेग आला नाही, तर सी ड्राइव्हवर जागा आहे का ते पाहा. घरात नसलेले जुने प्रिंटर यादीतून काढा. डीफॉल्ट प्रिंटर बंद पडलेला असेल, तर वर्डसुद्धा त्याला शोधत रेंगाळतो. स्पूलर कायमचा बंद ठेवू नका, त्याच्याशिवाय छपाईच होत नाही. विंडोजचे अपडेटही टाळू नका. २०२१ मध्ये याच स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर त्रुटी सापडली होती आणि मायक्रोसॉफ्टला तातडीने दुरुस्ती द्यावी लागली होती.

ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. 'प्रिंटर हेल्पलाइन' शोधून मिळालेल्या कुठल्याही नंबरवर फोन करू नका, आणि फोनवरच्या अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा तर मुळीच देऊ नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर तक्रार करा.

माझी रांग दहा मिनिटांत मोकळी झाली. पाने ३०० डीपीआयने, चार-चारच्या गटात छापली. आत्याआजीने चष्मा पुसला आणि पहिले पत्र मोठ्याने वाचू लागली. त्यात दरबारातली मोठी खबर नव्हती. लेकीच्या बाळंतपणासाठी तूप पाठवल्याचा निरोप होता. मी मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड केला.

तुमच्या घरी अशी पत्रे असतील आणि ती वाचणारे कुणी असेल, तर या सुट्टीतच बसा. प्रिंटर दहा मिनिटांत दुरुस्त होतो, पण मोडी वाचणारे माणूस पुन्हा मिळेलच असे नाही.