ज्येष्ठमध आणि न विचारलेला प्रश्न

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या परासिया भागात विषारी कफ सिरपने वीसहून अधिक लेकरं गेली. तेव्हापासून आमच्या तिगावात बाटलीचं नाव काढलं की आया हात झटकतात आणि ज्येष्ठमधाची पूड चाटवतात. त्यांचा संताप रास्त आहे. मात्र घरचं औषध म्हणजे निर्धोक, हा समज खरा नाही.

1946 साली रेव्हर्स या डच डॉक्टरांनी अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. गुण आला, पण काहींच्या अंगावर सूज चढली. 1955 मध्ये अमेरिकी डॉक्टर कॉन यांनी अल्डोस्टेरॉन या अंगात मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाच्या अतिरेकाचा आजार मांडला. 1968 मध्ये त्यांनीच ज्येष्ठमधाने होणारी त्याची हुबेहूब नक्कल नोंदवली.

पुस्तकातलं हे ज्ञान ऐंशीच्या दशकात माझ्या दवाखान्यापर्यंत पोचलं नव्हतं. भजनी मंडळातला एक संत्रा बागायतदार आला. बीपी 190/110, पिंडऱ्यांत गोळे, उकिडवं बसलं की उठता येईना. गळा मोकळा राहावा म्हणून गालात कायम ज्येष्ठमधाची काडी. त्याला रेल्वेने नागपूरला पाठवलं. रक्तातलं पोटॅशियम फार कमी, 2.3 निघालं आणि अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ असणार म्हणून शोध सुरू झाला. मी नुसत्या शंकेपोटी काडीचा विषय काढला, तर तिथल्या वरिष्ठांनी खेड्यातला डॉक्टर म्हणून मला गप्प केलं. गाठ सापडली नाही. काडी सुटली आणि काही आठवड्यांत पाय चालू लागले. त्या उपमर्दाचा राग आजही गेलेला नाही, कारण त्याची किंमत रुग्णाने मोजली.

1987 मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी कारण उलगडलं. मूत्रपिंडातलं एक एन्झाइम कॉर्टिसोल या दुसऱ्या संप्रेरकाला निष्प्रभ करतं. ज्येष्ठमध त्या एन्झाइमलाच रोखतो. मग कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं, मीठ अंगात साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. रक्तात अल्डोस्टेरॉन मात्र कमीच दिसतं.

कोविडच्या काळात, 2020 च्या काढ्यांच्या लाटेत ज्येष्ठमध पुन्हा घरोघरी शिरला. तोवर संथपणे हकीकत ऐकणारे डॉक्टर मात्र कमी झाले होते. आज तपासण्यांची चळत येते, पण ‘रोज काय खाता?’ हे कुणी विचारत नाही.

खोकल्यापुरता चार दिवस ज्येष्ठमध बहुतेक मोठ्या माणसांना सोसतो. बीपी, हृदय वा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवी होण्याची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नका. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी तुम्ही सांगा.