मुलांचा आहार आणि फळांचा रस

घरात मूल अशक्त दिसले की प्रथम आठवण होते ती मोसंबीच्या रसाची. बडोद्यातील आपल्या घरांतून हा जणू कुळाचारच होऊन बसला आहे. मुळात त्याला सबळ कारण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत बाटलीवर वाढणाऱ्या बालकांना तापवलेले दूध मिळे. दुधातले मुळातच थोडे असलेले ‘क’ जीवनसत्त्व तापवताना आणखी घटे, आणि मुलांना स्कर्व्हीचा विकार जडे. न्यूयॉर्कचे डॉ. आल्फ्रेड हेस यांनी अशा मुलांना संत्र्याचा रस देण्याचा आग्रह धरला, तो योग्यच होता. अंगावर पिणाऱ्या मुलाला मात्र हे सत्त्व सामान्यतः मातेच्या दुधातूनच मिळते.

एक संत्रे सोलून खाल्ले की मुलाचे समाधान होते. तीन-चार संत्र्यांचा पेला ते एका दमात रिचवते. चोथा गाळणीत राहतो आणि पोटात जाते ती पाव लिटर रसातली सुमारे २० ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे, साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली रसातील ही साखर डब्यातल्या साखरेच्याच पंक्तीला बसविली. रस घरी काढला, वरून साखर घातली नाही, तरी तो यातून सुटत नाही. मग वरणभाताला भूक राहात नाही; आणि मूल जेवत नाही म्हणून आई दुसरा पेला पुढे करते!

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेले प्रमाण असे: दोन वर्षांपर्यंत रस देऊच नये; पाच वर्षांपर्यंत दिवसाला १२५ मिलिलिटर आणि त्यापुढे २५० मिलिलिटर, याहून अधिक नको. झोपताना बाटलीतून रस देणे दातांना फार घातक. जुलाब होत असता रसातील साखरेने ते वाढण्याचा संभव असतो. तेव्हा जलसंजीवनीच द्यावी.

बाजारातील खोक्यांविषयी काय सांगावे! ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात फळाचा रस दहा टक्के असला तरी नियमाला पुरतो. बाकीचे बहुतांशी साखरपाणी.

‘क’ जीवनसत्त्वच हवे असेल तर साध्या पेरूत ते संत्र्याच्या सुमारे चौपट असते. लहानग्यास त्याचा मऊ गर बिया काढून द्यावा. वरणावर लिंबू पिळले तर डाळीतले लोहही अंगी लागते. उन्हाळ्यातील आमरसाला कोण नाही म्हणेल? पण तो पोळीबरोबर एक वाटी, आणि साखर न घालता.